चुंबकाचे शिकणे, यंत्राचे शिकणे

मराठीत शोध घेतला जातो, शोध लागतो आणि शोध लावला जातो. क्रियापद बदलले की कर्त्याचे काम बदलते. रानात चुकलेल्या बैलाचा आपण शोध घेतो. तो ओढ्याकाठी सापडला की शोध लागतो. शोध लावणारा मात्र निराळा. कोणाच्याच गोठ्यात नसलेली गोष्ट त्याने पुढे आणलेली असते. शाळा न पाहिलेला माणूसही बोलताना हे तीन प्रयोग एकमेकांत मिसळत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र विज्ञानाच्या बातम्यांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : यंत्राने शोध लावला. कधी औषधाचा, कधी मिश्रधातूचा, आणि अलीकडे अधिक ताकदवान अतिसंवाहक चुंबकाचा. या शेवटच्या दाव्याची तपासणी करावी, एवढाच या निबंधाचा हेतू आहे. साहित्याच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण दावा हाही एक मजकूर असतो. त्यात काय लिहिले आहे, काय गाळले आहे आणि लिहिणाऱ्याने आधी काय वाचले होते, हे प्रश्न त्यालाही विचारता येतात.

आधी चुंबकाविषयी. तांब्याच्या तारेतून वीज वाहिली की तार तापते, आणि प्रवाह वाढवत नेला तर जळते. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे सुमारे ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांना दिसला. हीच अतिसंवाहकता. रोध नाही म्हणजे तापणे नाही. मग वाटेल तेवढा प्रवाह सोडावा आणि वाटेल तेवढे मोठे चुंबक करावे, हा विचार कोणाच्याही मनात येईल. ओनेस यांच्याही आला. १९१३ साली ते आजच्या मापात १० टेस्लाच्या चुंबकाची भाषा बोलत होते. शिशाच्या तारेची गुंडाळी मात्र एका टेस्लाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही पोचली नाही. तिने स्वतः निर्माण केलेल्या चुंबकक्षेत्रानेच तिची अतिसंवाहकता मोडून टाकली.

पुढचे सगळे या प्रसंगात आहे. अतिसंवाहक तारेला एक मर्यादा नसते, तीन असतात. तापमान ठरावीक अंशाच्या खाली असले पाहिजे, चुंबकक्षेत्र ठरावीक मापाच्या आत असले पाहिजे आणि प्रवाहही ठरावीक मापाच्या आत असला पाहिजे. तिवईचा एक पाय मोडला की तिवई पडते. वर्तमानपत्रांना यातला तापमानाचा पाय फार आवडतो, कारण त्याचा आकडा एकटा छापता येतो. चुंबक बांधणाऱ्याला तिन्ही पाय लागतात. नायोबियम आणि कथिल यांचे संयुग १८ केल्विनला अतिसंवाहक होते, हे बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये दाखवले. पण तेच संयुग ८.८ टेस्लाच्या क्षेत्रात प्रचंड प्रवाह वाहून नेऊ शकते, हे बेल प्रयोगशाळेत जॉन कुन्झलर यांनी दाखवले ते १९६१ मध्ये. पदार्थ तोच आणि त्याचे तापमानही माहीत, तरी मधली सात वर्षे त्यात मोठे चुंबक दडले आहे हे कोणी पाहिले नव्हते.

आता यंत्राकडे वळू. २०१८ साली या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि नंतरच्या बऱ्याच कामात त्यांचे दाखले येतात. पहिला कॅम हमिदिए यांचा. जपानमधील पदार्थविज्ञान संस्थेने ठेवलेल्या 'सुपरकॉन' नावाच्या नोंदसंग्रहातून त्यांनी २१,२६३ अतिसंवाहक घेतले. प्रत्येकाच्या रासायनिक सूत्रावरून ८१ गुण काढले : घटकद्रव्यांचे अणुभार, त्रिज्या, उष्णतावाहकता, त्यांच्या सरासऱ्या, त्यांचे विचलन. मग यंत्राला सांगितले, या गुणांवरून पदार्थ कोणत्या तापमानाला अतिसंवाहक होईल ते शीक. यंत्र शिकले. न पाहिलेल्या पदार्थांबाबत त्याची नेहमीची चूक साधारण साडेनऊ केल्विनची निघाली. कागदावर हे वाईट नाही, कारण संग्रहात शंभर केल्विनच्या वरचेही पदार्थ आहेत. पण जगातल्या जवळजवळ सगळ्या एमआरआय यंत्रांचे चुंबक ज्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेने गुंडाळलेले असते, त्या तारेचे संक्रमण तापमानच मुळी सव्वानऊ केल्विनच्या आसपास आहे. म्हणजे मोजमापातली चूक आणि मोजायची वस्तू एकाच उंचीची!

दुसरा निबंध मेरीलंड विद्यापीठाच्या व्हॅलेन्टिन स्टानेव्ह आणि सहकाऱ्यांचा. त्यांच्याकडे बारा हजारांहून अधिक पदार्थ होते. त्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला : पदार्थ १० केल्विनच्या वरचा की खालचा? यंत्राची उत्तरे सुमारे ९२ टक्के बरोबर आली. मग ज्ञात स्फटिकांची मोठी यादी चाळून त्यांनी तीसहून अधिक नवे उमेदवार सुचवले. हा निबंध मला पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो आणि त्याचे कारण पुढे येईल. पण दहाची रेघ पाहा. नायोबियम-टायटॅनियम तिच्या खाली पडते. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातली १,२३२ मोठी वळणचुंबके आणि इस्पितळातल्या गोल बोगद्याभोवतीची गुंडाळी ज्या पदार्थावर उभी आहे, तो या वाचनात मागच्या बाकावरचा विद्यार्थी ठरतो.

हा दोष गणिताचा नाही. गणित दोन्ही निबंधांत चोख आहे. हमिदिए यांनी तर आपले यंत्र पदार्थ अतिसंवाहक आहे की नाही हे सांगू शकत नाही, असेल तर कितीला हेच सांगते, असे स्वतःच स्पष्ट केले आहे. बातमीत ते वाक्य गळते. दोष वाचनसामग्रीत आहे, आणि तो समजायला सूत्रात काय मावत नाही ते पाहावे लागते. नायोबियम-टायटॅनियमची तार वितळवून ओतली म्हणजे झाली, असे नाही. ती तांब्याच्या नळीत घालून ओढायची, तापवायची, पुन्हा ओढायची, पुन्हा तापवायची. या ओढाताणीत टायटॅनियमचे बारीक कण धातूत ठिकठिकाणी साकळतात. हे कण म्हणजे एका अर्थी दोषच, पण तारेत शिरलेल्या चुंबकरेषा तेच जागच्या जागी धरून ठेवतात. रेषा सरकल्या तर उष्णता निर्माण होते आणि अतिसंवाहकता जाते. तेव्हा तारेची ताकद तिच्या नेमक्या पेरलेल्या दोषांत आहे. सूत्र तेच राहते, तार मात्र कधी उत्तम निघते, कधी टाकाऊ. ज्वारीचे पीठ आणि पाणी एवढेच लिहून ठेवले तर भाकरी थापणारीचा हात कुठे नोंदवायचा? मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने ही बहुतंतू तार देशात तयार केली, ती असाच हात बसवून. जगातल्या कुठल्याही नोंदसंग्रहात तो हात अजून ८१ गुणांपैकी एक झालेला नाही.

मॅथियास यांचे नाव वर आले. हा माणूस, माझ्या मते, यंत्राच्या आधीचे यंत्र होता. त्याने शेकडो मिश्रधातू तपासले, त्यांतून नियम काढले आणि नियमांच्या आधारे नवे अतिसंवाहक खरोखर मिळवले. त्याच्या नावावर फिरणाऱ्या नियमांत ऑक्सिजनपासून दूर राहा, चुंबकीय द्रव्यांपासून दूर राहा, रोधकांपासून दूर राहा अशा सूचना होत्या. (सिद्धान्तवाल्यांपासून दूर राहा, अशीही एक होती, ती मला आवडते.) ज्या पदार्थांवरून हे नियम निघाले त्यांच्यापुरते ते बरोबर होते. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी झुरिकजवळ ऑक्सिजनने भरलेल्या मृत्तिकेसारख्या पदार्थात अतिसंवाहकता दाखवली आणि पहिला नियम गेला. चुंबकीय द्रव्यांपासून दूर राहण्याच्या नियमाला एक धक्का आपल्या मुंबईत बसला, आणि तो प्रसंग मराठी वाचकांना फारसा माहीत नाही.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर प्रभृती मंडळी, आणि त्यांच्यासोबत आयआयटी मुंबईचे चंदन मजुमदार आणि बी. डी. पडालिया, दुर्मीळ मृदा, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होती. निकेल हे चुंबकीय द्रव्य. अतिसंवाहक शोधायला कोणी निकेलच्या दारात जात नसे. यट्रियमचा एक भाग, निकेलचे चार आणि बोरॉनचा एक अशा नमुन्यात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची खूण दिसली. खूण क्षीण होती. नमुन्याचा मोठा भाग अतिसंवाहक नव्हताच, त्यातला थोडासा दुसराच काही पदार्थ होता. अशा वेळी नमुना अशुद्ध निघाला म्हणून बाजूला ठेवणे अगदी रीतसर ठरले असते. या मंडळींनी अशुद्धीचा पाठलाग केला. १९९३ मध्ये त्यांनी ही खूण छापली. कर्ब हा त्या पदार्थाचा आवश्यक घटक आहे हे लक्षात आले आणि १९९४च्या सुरुवातीला यट्रियम-निकेल-बोरॉन-कर्ब या चार द्रव्यांच्या अतिसंवाहकाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट कावा यांच्या गटाने निकेलच्या जागी पॅलेडियम घालून २३ केल्विन गाठले. या कुटुंबाला आज बोरोकार्बाइड म्हणतात. त्यातल्या काही भावंडांत चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच घरात नांदतात, म्हणून जगभर त्यांचा अभ्यास झाला.

मराठी व्याकरण इथे किती चोख बसते ते पाहण्यासारखे आहे. त्या मंडळींनी शोध 'घेतला' होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. शोध 'लागला' तो अशुद्धीचा. आणि अशुद्धी हाच पदार्थ आहे हे ओळखले, तेव्हा शोध 'लावला'. यंत्राला आधीच्या नोंदी शिकवून निकेलच्या संयुगांविषयी विचारले असते, तर १९९२ साली त्याने काय सांगितले असते? त्याने मॅथियासचेच उत्तर दिले असते, कारण त्याच्या पुढ्यातही मॅथियासच्याच पिढीच्या नोंदी असत्या.

याच संस्थेतला दुसरा प्रसंग अधिक अलीकडचा. ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी बिस्मथच्या शुद्ध स्फटिकात ०.०००५३ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. निबंध २०१६च्या डिसेंबरात आला. बिस्मथमध्ये फिरते इलेक्ट्रॉन इतके थोडे, लाख अणूंमागे साधारण एक, की प्रचलित सिद्धान्ताने तिथे अतिसंवाहकता अपेक्षितच नव्हती. या अवस्थेला ५.२ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र मोडून टाकते. पायाखालच्या पृथ्वीचे चुंबकत्व त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणून नमुना त्यापासूनही झाकून ठेवावा लागला. या बिस्मथचे चुंबक कधी होणार नाही. पण नोंदसंग्रहाला ते एक शून्याजवळचा आकडा म्हणून दिसते, आणि सिद्धान्ताला ते न सुटलेले कोडे म्हणून दिसते. एकाच वस्तूचे हे दोन वाचक आहेत, आणि मला दुसरा वाचक अधिक बुद्धिमान वाटतो.

आतापर्यंत पदार्थांविषयी झाले. चुंबक म्हणजे पदार्थ नव्हे, गुंडाळी. आणि गुंडाळीविषयी मला थोडे अधिकाराने बोलता येते, कारण माझा पोटापाण्याचा धंदा हर्सूलला मोटारी भरण्याचा आहे. जटवाडा रस्त्याने आणि फुलंब्रीकडून पाणबुडी मोटारी येतात. शीतविज्ञान मी शिकलो ते आयआयटी मुंबईच्या मिलिंद अत्रे यांची इंटरनेटवरची व्याख्याने रात्री दुकान बंद केल्यावर ऐकून. पण गुंडाळी हातानेच कळली. मोटार घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, जळाली कशानं?" आणि उत्तर गुंडाळीतच लिहिलेले असते. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि तिसरी कोरी असेल तर एक फेज गेली होती. सगळ्याच एकसारख्या करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होते किंवा पंप अडकला होता. एकाच ठिकाणी फुटून बाकी चांगले असेल तर पाणी शिरले. मी वही ठेवतो. वहीत भरलेल्या मोटारीपेक्षा जळालेल्या मोटारीची नोंद जास्त कामाची असते. चांगली चाललेली मोटार काहीच सांगत नाही, आणि ती माझ्याकडे येतही नाही.

अतिसंवाहक चुंबकांच्या धंद्यात याला जोड सापडते, आणि तिथे एक शब्द आहे तो साहित्याच्या वाचकाला थांबवील. नवे चुंबक थंड करून प्रवाह वाढवत नेले की ते ठरलेल्या मापाच्या बरेच आधी एकाएकी अतिसंवाहकता सोडते. गुंडाळीतली तार केसाएवढी सरकते, घर्षणाची चिमूटभर उष्णता होते आणि ती क्षणात सगळीकडे पसरते. या घटनेला क्वेंच म्हणतात. मग चुंबक पुन्हा थंड करायचे आणि पुन्हा वाढवायचे. दुसऱ्या वेळी ते थोडे वर जाऊन कोसळते, तिसऱ्या वेळी आणखी वर. तार आपल्या जागी बसत जाते. या क्रियेला जगभर 'ट्रेनिंग' म्हणतात, म्हणजे चुंबकाचे शिक्षण. आणि यंत्राला नोंदी दाखवून तयार करण्याच्या क्रियेलाही नेमके 'ट्रेनिंग'च म्हणतात. दोन धंद्यांनी एकच शब्द उचलला, एकमेकांना न विचारता. फरक एवढाच की चुंबक फक्त पडण्यातून शिकते, आणि यंत्राला आपण फक्त न पडलेल्यांची यादी वाचायला दिली.

चुंबक शिकलेले विसरतेही. जिनिव्हाजवळच्या बोगद्यातली वळणचुंबके बसवण्याआधी शिकवून तयार केलेली होती. तरी २०१५ मध्ये त्यांना वरच्या ऊर्जेसाठी पुन्हा चढवताना दीडशेहून अधिक क्वेंच सोसावे लागले. कोणते चुंबक विसरेल आणि कोणते नाही, हे आराखड्यावरून सांगता आले नाही. आराखडा सगळ्यांचा एकच होता.

यंत्राची बाजू इथे न्यायाने मांडली पाहिजे, कारण गुंडाळीच्या कामात त्याने खरोखर उपयोग दाखवला आहे. बंदिस्त जागेत शोध घेणे हे त्याचे काम. त्याच वळणचुंबकांत केबलचे थर कोणत्या कोनात बसवावेत म्हणजे आतले क्षेत्र एकसारखे येईल, यासाठी सर्न प्रयोगशाळेत स्टेफान रुसेनशुक यांनी १९९०च्या दशकातच संगणकाला पिढ्यान्‌पिढ्या आराखडे जन्माला घालून त्यांतले निवडायला लावले होते. तेव्हा त्याला कोणी बुद्धी म्हटले नाही, पण आजच्या बातमीतला आराखडा करणारा हाच आहे, फक्त वेग वाढला. त्याहून मला मोलाचे वाटते ते अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या गटाचे २०२१चे काम. त्यांनी चुंबकाला आवाज टिपणारी उपकरणे लावली आणि यंत्राला चुंबकाचा नेहमीचा आवाज शिकवला. त्याहून वेगळे काही ऐकू आले तर क्वेंच जवळ आल्याची खूण म्हणून त्याने हाक द्यावी. मोटारीला कान लावून बेअरिंग ओळखणारा मिस्त्री हेच करतो. इथे यंत्र हुशारीचा आव आणत नाही, ऐकत बसते. आणि ते शिकू शकते, कारण चाचणीच्या वेळी चुंबक कोसळते तेव्हाची नोंद ठेवलेली असते.

मात्र बंदिस्त जागेच्या भिंती कोणी घातल्या, हा प्रश्न उरतो. गुंडाळीच्या दोन वेढ्यांमध्ये रोधक थर असलाच पाहिजे, हे मोटार भरणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. थर गेला की मोटार गेली. अतिसंवाहक गुंडाळीतही तो असेच. २०११ मध्ये सुंगयोंग हान आणि सहकाऱ्यांनी तो थर काढूनच टाकला. एखाद्या जागी अतिसंवाहकता गेली तर प्रवाह शेजारच्या वेढ्यात उतरून वाट काढील आणि गुंडाळी वाचेल, असा विचार होता, आणि तो खरा ठरला. याच पद्धतीने बांधलेल्या सुमारे ३९० ग्रॅम वजनाच्या गुंडाळीने २०१९ मध्ये फ्लोरिडातील राष्ट्रीय उच्चचुंबकक्षेत्र प्रयोगशाळेत, बाहेरच्या रोधयुक्त चुंबकाच्या ३१.१ टेस्लामध्ये आपली भर घालून ४५.५ टेस्ला गाठले. रोधक थराची जाडी किती ठेवावी, हे यंत्राला विचारले असते तर त्याने उत्तम जाडी काढून दिली असती. थर हवाच कशाला, हा प्रश्न त्याच्या भिंतींबाहेर होता. त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मला विक्रमाहून मोठी वाटते. चाचणीनंतर गुंडाळी उलगडली तेव्हा पट्टीचे काही भाग वाकून खराब झालेले दिसले, आणि ते त्यांनी विक्रमाच्या सोबतच छापले.

न छापलेल्या गोष्टींची किंमतही ठाऊक आहे. १९ सप्टेंबर २००८ रोजी, पहिली किरणशलाका फिरल्यावर नऊ दिवसांनी, सर्नच्या बोगद्यात दोन चुंबकांमधला एक जोड उघडा पडला. ठिणगी झाली, सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडले, ५३ चुंबके दुरुस्तीला काढावी लागली आणि यंत्र वर्षभराहून अधिक बंद राहिले. चुंबकांच्या आराखड्यात चूक नव्हती. डाग नीट बसलेला नव्हता. डाग देणाऱ्याचा हात कुठल्याही आराखड्यात येत नाही, आणि आराखडा अधिक ताकदवान करून तो सुधारत नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय, तर तो इस्पितळातल्या तपासणीच्या पावतीपर्यंत येतो. एमआरआयची यंत्रे अजून बहुतेक बाहेरून येतात आणि त्यांतले हेलियमही. मुंबईत पवईच्या आयआयटी परिसरातील समीर ही केंद्र सरकारची संस्था दीड टेस्लाच्या देशी यंत्राचे काम पुढे नेते आहे. चुंबकाचे काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राकडे आहे आणि चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. दीड टेस्ला हा आकडा विक्रमाचा नाही. इथे कोणाला अधिक ताकदवान चुंबक नको आहे. हवे आहे ते वर्षानुवर्षे न कोसळणारे, आणि कोसळले तर का कोसळले हे सांगता येणारे. यंत्रशिक्षणाचा उपयोग इथेच व्हायला हवा. पण त्यासाठी त्याला वाचायला काय देणार?

'सुपरकॉन' छापील निबंधांतून भरला आहे आणि निबंध यशाचे लिहिले जातात. याला एक ठळक अपवाद आहे. हिदेओ होसोनो यांच्या नेतृत्वाखाली जपानमध्ये चार वर्षांचा एक प्रकल्प झाला. त्यात सुमारे १,००० पदार्थ तपासले, त्यांतले काही दहांच्या घरातले नवे अतिसंवाहक निघाले. २०१५ मध्ये त्यांनी प्रकल्पाचा आढावा छापला, तेव्हा अतिसंवाहक न निघालेल्या सुमारे ७०० पदार्थांची यादीही जोडली. स्टानेव्ह यांच्या निबंधाला मी अधिक प्रामाणिक म्हटले ते यामुळे : त्यांनी होसोनो गटाने तपासलेले, अतिसंवाहक न निघालेले सुमारे ३०० पदार्थ आपल्या यंत्राला वाचायला दिले. बारा हजारांत तीनशे. प्रमाण हास्यास्पद आहे, पण निदान सुरुवात आहे.

चुंबकांची अशी यादी अजून कोणी माझ्या पाहण्यात आणलेली नाही, आणि ती करायला लागणारे साहित्य आपल्या जवळ, इंदूरला आहे. भारत आणि सर्न यांच्यात १९९६ मध्ये झालेल्या करारानुसार होळकरांच्या त्या गावातल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली वळणचुंबकांच्या क्षेत्रातली चूक सुधारणारी छोटी अतिसंवाहक चुंबके तयार झाली. षट्‌ध्रुवी १,१४६ आणि दशध्रुवी-अष्टध्रुवी ६१६. मोठे चुंबक अचूक गुंडाळता येत नाही, हे गृहीत धरूनच ती बांधलेली होती. त्याच करारात मोठी चुंबके पेलून ५० मायक्रॉनच्या अचूकतेने बसवणारे ७,०८० जॅकही भारतातून गेले. त्यांतले काही इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये झाले, जिचे भावंड आमच्या चिकलठाण्यात आहे. दोनच आराखड्यांची, थोड्या लोकांच्या हातांनी गुंडाळलेली १,७६२ चुंबके. कोणाच्या पाळीत गुंडाळले, तार कोणत्या रिळाची, राळ किती वेळ सुकवली, कोणत्या तपासणीत नापास झाले, पुन्हा केले की भंगारात टाकले : एवढे पाच रकाने प्रत्येकासमोर भरून ते खुले केले, तर हाताच्या चुकीवरून चुंबकाची चूक ओळखायला शिकणाऱ्या यंत्रासाठी इतका मोठा आणि एकजिनसी धडा दुसरीकडे सहज मिळणार नाही. यातली बरीचशी माणसे आता निवृत्तीच्या वयात आहेत. रकाने भरायचे तर त्यांच्याशी बोलावे लागेल.